नव्या गाण्याचे पहिले श्रोते : स्कॉटलंडच्या रॉक बँडांची हकीकत

एखाद्या कलावंताची कीर्ती झाली म्हणजे त्याला ओळखणारे पुष्कळ निघतात. ‘आम्ही त्याला अगदी पहिल्यापासून ऐकत आलो आहोत’ असे सांगणारेही दिवसेंदिवस वाढत जातात. परंतु ज्या रात्री त्याचे नाव कोणासच ठाऊक नव्हते, त्या रात्री समोर उभी असलेली पंचवीस-तीस माणसे कोण होती आणि ती तेथे आली कशी, हे सहसा कोणी विचारीत नाही. आम्हांस हा प्रश्न फार मोलाचा वाटतो. कारण ती माणसे आली नसती, तर पुढची कीर्तीही झाली नसती. त्याचा उलगडा करण्यासाठी आम्ही स्कॉटलंडमधील रॉक संगीत निवडले आहे. येथील पुष्कळांच्या कानांना ते परके आहे, आणि आमच्या कामाला तेच सोयीचे आहे. जे संगीत आपल्या परिचयाचे नाही, ते लोकांपर्यंत कसे पोचले हे पाहताना आपल्या आवडीनिवडी मध्ये येत नाहीत.

स्कॉटलंडची वस्ती 54 लाखांच्या आसपास. म्हणजे एकट्या मुंबईच्या निम्म्याहूनही कमी. त्यातले सर्वांत मोठे शहर ग्लासगो. क्लाइड नदीच्या काठी जहाजबांधणीवर ते वाढले, आणि त्या गोद्या व कारखाने एकामागून एक बंद पडू लागल्यावर बेकारीने पोळले. लंडन तेथून सुमारे चारशे मैल. मोठ्या रेकॉर्ड कंपन्या लंडनला, संगीताची साप्ताहिके लंडनला, रेडिओचे मुख्य ठाणेही लंडनलाच. म्हणून ग्लासगोच्या पोराने हाती गिटार घेतली आणि तिच्यावर पोट भरण्याचे मनात आणले, तर दक्षिणेची गाडी पकडण्यावाचून त्याला गत्यंतर नसे.

येथे एका शब्दाचा खुलासा केला पाहिजे. रॉक म्हणजे विजेची गिटार, बास गिटार आणि ड्रम यांच्या पायावर उभे राहिलेले गाणे, एवढे बहुतेकांस ठाऊक असते. त्यामागे लागणारे ‘अल्टर्नेटिव्ह’ हे विशेषण मात्र कोणत्याही सुरावटीचे किंवा तालाचे नाव नव्हे. 1980 च्या सुमारास मोठ्या कंपन्यांना वगळून, लहान लहान कंपन्यांनी काढलेल्या तबकड्यांवरून जे संगीत विद्यार्थ्यांत व तरुण नोकरदारांत पसरू लागले, त्याला हे नाव चिकटले. म्हणजे हे नाव गाण्याच्या घडणीवरून पडले नसून गाणे ज्या वाटेने आले त्या वाटेवरून पडले आहे. कोकणातला हापूस म्हटल्यावर जसे आपण फळाबरोबर त्याचा मुलूखही सांगतो, तसेच काहीसे हे आहे.

ग्लासगोत ही वाट पाडली अ‍ॅलन हॉर्न नावाच्या एका तरुणाने. 1980 साली त्याने आपल्या राहत्या जागेतून ‘पोस्टकार्ड’ नावाची रेकॉर्ड कंपनी काढली. ऑरेंज ज्यूस, जोसेफ के, अ‍ॅझ्टेक कॅमेरा असे थोडेच बँड तिच्या पदरी होते. कंपनी वर्षा-दीड वर्षातच आटोपली. धंदा म्हणून पाहिले तर हे अपयशच म्हणावे लागेल. पण ‘तरुण स्कॉटलंडचा आवाज’ असे ब्रीदवाक्य तिने आपल्या तबकड्यांवर छापले होते, आणि लंडनच्या साप्ताहिकांचे बातमीदार उलटे ग्लासगोस येऊ लागले होते. गाडी न पकडताही नाव होऊ शकते, हे एकदा दिसले की पुढच्यांचे पाऊल अडखळत नाही.

ग्लासगोपासून काही मैलांवर ईस्ट किलब्राइड हे गाव आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर, 1947 साली, नवे नगर म्हणून ते आखण्यात आले. तेथे जिम आणि विल्यम रीड हे दोघे भाऊ राहत. वडील कारखान्यात होते. त्यांची नोकरी गेली तेव्हा मिळालेल्या रकमेतून त्यांनी मुलांना 300 पौंड दिले, आणि त्यांतून मुलांनी घरच्या घरी ध्वनिमुद्रण करण्याचे एक लहानसे यंत्र घेतले. नोकरी गेलेल्या बापाने असल्या कामाला पैसे द्यावेत, ही गोष्ट आम्हांस पुढच्या सगळ्या यशापेक्षा मोठी वाटते. असो. या भावांनी आपली गाणी एका जुन्या कॅसेटवर उतरवून ग्लासगोच्या एका क्लबात नेऊन दिली. गाण्याची संधी काही मिळाली नाही. परंतु त्या कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला सिड बॅरेट या जुन्या गायकाची गाणी होती, आणि ती बॉबी गिलेस्पी नावाच्या एका तरुणास आवडतील असे वाटून कॅसेट त्याच्याकडे आली. गिलेस्पीने बॅरेट ऐकला, मग बाजू उलटून पाहिली. वरचा दूरध्वनी क्रमांक पाहून त्याने रीड बंधूंशी बोलणे केले, आणि लंडनला जाऊन 1983 साली ‘क्रिएशन’ नावाची लहान कंपनी काढणाऱ्या आपल्या ग्लासगोकर मित्रास, अ‍ॅलन मगीला, त्यांच्याविषयी सांगितले. ‘द जीझस अँड मेरी चेन’ या बँडची पहिली तबकडी 1984 च्या नोव्हेंबरात निघाली ती अशी. कॅसेटची दुसरी बाजू ऐकणारा एक मनुष्य भेटला, एवढ्यावर हे सारे अवलंबून होते.

या बँडच्या नादाविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण तो प्रथम ऐकणारास यंत्र बिघडल्याचा भास होतो. सभामंडपात वक्त्याने माईक कर्ण्याच्या फार जवळ नेला की एकदम कर्कश शीळ उठते आणि सारी सभा कानांवर हात ठेवते, हा अनुभव व्याख्यानांना येणाऱ्या कोणास नाही? माईक आवाज घेतो, अ‍ॅम्प्लिफायर तो वाढवितो, कर्ण्यातून तो बाहेर पडतो, आणि तोच पुन्हा माईकमध्ये शिरून आणखी वाढतो. असे चक्र सुरू झाले म्हणजे ही शीळ उठते. विजेच्या गिटारीतही हेच होते. कर्ण्याच्या हादऱ्याने तिच्या तारा आपोआप थरथरतात, ती थरथर पुन्हा अ‍ॅम्प्लिफायरमध्ये जाते, आणि बोट न लावताही तार ओरडत राहते. इतर वादक हा दोष टाळण्यासाठी धडपडतात, किंवा क्वचित चवीपुरता वापरतात. रीड बंधूंनी त्या किंकाळीची अखंड भिंत उभी केली, आणि तिच्यामागे अत्यंत साधी, गोड, जुन्या वळणाची चाल ठेवली. 1985 साली निघालेल्या त्यांच्या ‘सायकोकँडी’ या पहिल्या लाँगप्ले तबकडीच्या नावातच वेड आणि खडीसाखर एकत्र आली आहेत. प्रथम नुसता गोंगाट ऐकू येतो. तिसऱ्या-चौथ्या वेळी कान त्यातून चाल वेगळी काढू लागतो. सुरुवातीचे त्यांचे जलसे वीस मिनिटांतच संपत, आणि पैसे देऊन आलेले लोक खवळून उठत. आमचा कल त्या लोकांच्या बाजूने आहे, हे सांगून टाकावेसे वाटते; वीस मिनिटांत तर आमच्याकडे तंबोरेदेखील जुळत नाहीत.

शोध लागण्यास कधी कधी फार उशीर होतो. ‘द व्हॅसलीन्स’ या जोडीची गोष्ट तशी आहे. यूजीन केली आणि फ्रान्सिस मकी यांनी थोडीशी गाणी केली, 1989 साली एकच लाँगप्ले तबकडी काढली, आणि बँड मोडला. घरच्या गावीदेखील त्याची फारशी दखल कोणी घेतली नव्हती. पण तिकडे अमेरिकेत, वॉशिंग्टन राज्यातल्या कर्ट कोबेन या तरुणाच्या हाती त्या तबकड्या पडल्या होत्या. त्याच्या ‘निर्व्हाना’ बँडने 1991 साली जगभर नाव काढले, आणि त्याने या विसरलेल्या जोडीची तीन गाणी स्वतः ध्वनिमुद्रित केली. स्कॉटलंडच्या लोकांना आपल्याच गावचे गाणे हजारो मैलांवरून परत आले.

आता ज्या उदाहरणासाठी आम्ही हा विषय घेतला, त्याकडे वळतो. स्टुअर्ट मर्डॉक हा ग्लासगोचा तरुण दीर्घ थकव्याच्या आजाराने कित्येक वर्षे अंथरुणाला खिळल्यासारखा होता. नोकरी नाही, शिक्षण सुटलेले. त्या दिवसांत तो गाणी रचू लागला. थोडे बरे वाटल्यावर तो बेकार वादकांसाठी सरकारी मदतीने चाललेल्या एका वर्गात जाऊ लागला, आणि तेथे त्याला स्टुअर्ट डेव्हिड हा जोडीदार भेटला. दोघांनी काही गाणी नमुन्यादाखल ध्वनिमुद्रित केली.

त्याच वेळी शहरातील स्टो कॉलेजात संगीताच्या व्यवसायाचा एक अभ्यासक्रम चालत असे. अ‍ॅलन रँकिन हे शिकवीत. स्वतः ते ‘द असोसिएट्स’ या बँडमधले नावाजलेले वादक. या अभ्यासक्रमातील विद्यार्थ्यांनी पुस्तके वाचून परीक्षा द्यायची एवढेच नव्हते, तर ‘इलेक्ट्रिक हनी’ नावाची खरीखुरी रेकॉर्ड कंपनी चालवायची आणि वर्षाला एका नव्या बँडची तबकडी काढायची, असा नियम होता. निवड विद्यार्थ्यांची, वेष्टण विद्यार्थ्यांचे, दुकानांतून हिंडणे विद्यार्थ्यांचे. एरवी एक-दोन गाण्यांची छोटी तबकडी निघे. 1996 साली मर्डॉकच्या नमुन्यांनी या मंडळींना इतके भारून टाकले, आणि त्याच्याजवळ गाणीही इतकी साचलेली होती, की त्यांनी संपूर्ण लाँगप्ले तबकडी काढण्याचे ठरविले. ध्वनिमुद्रण अवघ्या काही दिवसांत उरकले. ‘टायगरमिल्क’ असे तिचे नाव. बँडचे नाव ‘बेल अँड सेबॅस्टियन’. प्रती काढल्या फक्त 1000.

आमच्या प्रश्नाचे उत्तर या हजार प्रतींत आहे असे आम्हांस वाटते. हजार प्रती म्हणजे धंद्याच्या दृष्टीने काहीच नव्हे. पण ज्याने ती घेतली त्याने ती मित्राला कॅसेटवर उतरवून दिली, त्या मित्राने आणखी कोणाला दिली, आणि ज्यांनी मूळ तबकडी डोळ्यांनीही पाहिली नव्हती अशांची गाणी पाठ झाली. लंडनच्या ‘जीपस्टर’ या नव्या कंपनीने त्याच वर्षी त्यांची दुसरी तबकडी काढली. 1999 च्या फेब्रुवारीत ब्रिटनच्या ‘ब्रिट’ पारितोषिकांत नवोदितांचे पारितोषिक या बँडला मिळाले, तेव्हा पुष्कळ वर्तमानपत्रांना हे लोक कोण हेच कळेना; कारण निवड लोकमताने झाली होती, आणि मत देणारे लोक वर्तमानपत्रांना दिसत नव्हते. मूळ हजार प्रतींतल्या एकेका प्रतीला जुन्या बाजारात शेकडो पौंड पडू लागले होते. अखेर 1999 सालीच ती तबकडी सर्वांसाठी पुन्हा काढावी लागली. आणि त्या कॉलेजातल्या मुलांचा कान एकदाच लागला असेही नाही. पुढे ‘स्नो पॅट्रोल’ नावाने जगाला माहीत झालेल्या बँडची पहिली तबकडी 1997 साली, आणि किल्मार्नॉकच्या ‘बिफी क्लायरो’ या बँडची एक सुरुवातीची तबकडी 2000 साली त्यांनीच काढली. स्टो कॉलेज 2013 साली दुसऱ्या दोन कॉलेजांबरोबर ग्लासगो केल्व्हिन कॉलेजात विलीन झाले. तबकड्यांचा उपक्रम त्याबरोबर तिकडे गेला.

याच सुमारास आणखी एक गोष्ट घडली, आणि ती आम्हां मराठी माणसांस चटकन समजण्यासारखी आहे. रॉक हे मूळ अमेरिकेचे. म्हणून ब्रिटनमधला गायकही गाताना नकळत अमेरिकन धर्तीचे उच्चार करी. स्कॉटलंडच्या बोलीत ‘र’ ठसठशीत उच्चारला जातो. दक्षिण इंग्लंडच्या बोलीत तो कित्येक ठिकाणी गिळला जातो. क्रेग आणि चार्ली रीड या जुळ्या भावांनी (हे रीड वेगळे आणि ईस्ट किलब्राइडचे वेगळे) ‘द प्रोक्लेमर्स’ या नावाने 1987 साली या ‘र’ वरच एक गाणे काढले. मालवणी माणसाने आपला हेल न सोडता व्यासपीठावर उभे राहावे, तसे ते होते. पुढे 1996 साली फॉलकर्कच्या ‘अरब स्ट्रॅप’ बँडमधील एडन मॉफट याने तर गाणे जवळजवळ सोडूनच दिले. गिटारीच्या साथीवर तो आपल्या गावच्या बोलीत शनिवार-रविवारची हकीकत सांगू लागला. सेल्कर्कच्या ‘फ्राइटन्ड रॅबिट’चा स्कॉट हचिसन आणि किलसिथच्या ‘द ट्वायलाइट सॅड’चा जेम्स ग्रॅहम यांनीही आपले उच्चार झाकले नाहीत. हचिसनच्या गाण्यांत मनाच्या खिन्नतेची कबुली फार उघडपणे येई. तो 2018 च्या मे महिन्यात, वयाच्या 36 व्या वर्षी गेला. त्याच्या कुटुंबीयांनी पुढे मुलांच्या मानसिक आरोग्यासाठी एक संस्था काढली. नव्या बँडचा शोध घेणारास गाण्याच्या उच्चारांकडे लक्ष देण्यास आम्ही सांगू. मनुष्य आपल्या बोलीत गात असेल, तर निदान त्याने दुसऱ्याचे सोंग घेतलेले नाही एवढे कळते.

लहान कंपनी झाली, कॉलेज झाले. तिसरे ठिकाण रेडिओ. जॉन पील हे इंग्रज गृहस्थ 1967 पासून 2004 साली मृत्यू येईपर्यंत बीबीसीच्या पहिल्या केंद्रावर रात्रीचा कार्यक्रम करीत. अमीन सयानींचा आवाज जसा आपल्याकडे घराघरांत ओळखीचा झाला, तसा हा आवाज तिकडे झाला. फरक एवढाच की सयानी लोकप्रिय झालेली गाणी सांगत, आणि पील कोणीही न ऐकलेली. लोक त्यांना कॅसेट पाठवीत, ते त्या ऐकत, आणि आवडलेल्यांस स्टुडिओत बोलावून ध्वनिमुद्रण करवीत. अशी 4000 हून अधिक ध्वनिमुद्रणे झाली. ‘द डेल्गाडोज’ या ग्लासगोच्या बँडने स्वतःच ‘केमिकल अंडरग्राउंड’ नावाची कंपनी काढली होती. तिच्यातले अरब स्ट्रॅप, मोग्वाय आणि स्वतः डेल्गाडोज असे सारे पील यांच्या कार्यक्रमात गेले. मोजमाप, मतगणना, जाहिरात यांपैकी काही नाही. एका माणसाला आवडले, एवढाच कस.

चौथे ठिकाण म्हणजे लहान सभागृह, आणि आज चिंता आहे ती याच ठिकाणाची. ग्लासगोच्या सेंट व्हिन्सेंट रस्त्यावर ‘किंग टट्स वाह वाह हट’ या चमत्कारिक नावाची जागा 1990 पासून चालू आहे. माणसे मावतात 300. 1993 च्या 31 मे रोजी मँचेस्टरचा ‘ओएसिस’ हा बँड आमंत्रण नसताना तेथे येऊन थडकला, त्याला कशीबशी चार गाण्यांची जागा मिळाली, आणि योगायोगाने हजर असलेल्या अ‍ॅलन मगीने त्या रात्रीच त्यांना करार देऊ केला. ही गोष्ट इतकी प्रसिद्ध आहे की तिच्यात आम्हांस फारसा रस नाही. आम्हांस रस आहे तो दर जानेवारीत, ख्रिसमसचे पैसे संपून थंडीने लोक घराबाहेर पडत नाहीत अशा दिवसांत, या जागेत स्कॉटलंडच्या नवख्या बँडांची जी मालिका होते तिच्यात.

परंतु सर्वच जागा टिकलेल्या नाहीत. मध्यवर्ती स्टेशनखालच्या कमानींत चालणारे ‘द आर्चेस’ 2015 साली, उशिरापर्यंत चालविण्याचा परवाना गेल्यावर, बंद पडले. सॉकीहॉल रस्त्यावरील ‘एबीसी’ हे सभागृह 2018 च्या जूनमध्ये, शेजारच्या चित्रकला विद्यालयाला लागलेल्या आगीत होरपळले. पुढे ‘फ्रान्झ फर्डिनंड’ बँडमुळे प्रसिद्धीस आलेला अ‍ॅलेक्स कप्रानोस ज्या ‘थर्टीन्थ नोट’मध्ये नवख्यांचे जलसे भरवीत असे, ते 2023 साली बंद झाले. मोठ्या सभागृहात जाण्यापूर्वी बँडला तीस, मग शंभर, मग तीनशे माणसांपुढे गावे लागते. या पायऱ्यांतली एखादी निखळली, तर वरच्या पायरीवर उडी मारून कोणी जात नाही.

यावर कोणी म्हणेल की आता सभागृहाची गरज काय? सर्व गाणी खिशातल्या मोबाईलवर आहेत. सोलापूरच्या माणसाला ग्लासगोच्या मुलांनी काल काढलेले गाणे आज ऐकता येते. हे खरे आहे, आणि आम्ही स्वतः त्याचा लाभ घेतो. पण उपलब्ध असणे निराळे आणि कानावर पडणे निराळे. यंत्र आपण आधी ऐकलेल्या गाण्यांवरून पुढचे सुचविते. म्हणून ते नव्यापेक्षा ओळखीचेच पुढे करते. शिवाय पैशाची गोष्ट. स्पॉटिफाय या सर्वांत मोठ्या सेवेने 2024 पासून असा नियम केला की, मागील बारा महिन्यांत जे गाणे 1000 वेळाही ऐकले गेले नाही, त्याचे मानधन त्या गाण्यास मिळणार नाही. टायगरमिल्कच्या हजार प्रती आठवून पाहा. तेव्हा हजार हा आरंभ होता. आता त्याच्या आतल्यांस हिशेबातच धरीत नाहीत.

तेव्हा नवा बँड शोधावा कसा? आम्ही जे करतो ते सांगतो. किंग टट्सचे जानेवारीतले कार्यक्रमपत्रक पाहावे आणि अनोळखी नावे एकामागून एक ऐकावीत. प्रसिद्ध बँडच्या आधी कोण गाणार आहे ते वाचावे. तो पाहुणा बहुधा त्या बँडनेच आवडीने निवडलेला असतो. 2012 पासून वर्षातील उत्तम स्कॉटिश लाँगप्लेला एक पारितोषिक दिले जाते. विजेत्यापेक्षा त्याच्या वीस नावांच्या पहिल्या यादीत अधिक सापडते. गाणे आवडले तर शक्य असल्यास बँडकँपसारख्या ठिकाणी विकत घ्यावे, कारण तेथे किमतीचा बहुतेक भाग बँडलाच मिळतो. आणि पहिल्या ऐकण्यात नापसंत करण्याची घाई करू नये. सायकोकँडीची चाल चौथ्या वेळी सापडली होती.

मोग्वाय हा बँड 1995 साली तिघा मित्रांनी सुरू केला. गाण्यांत शब्द बहुधा नसतातच. हळू आरंभ, मग छातीत धडकी भरविणारा कल्लोळ. पहिली तबकडी त्यांनी 1996 साली स्वतःच काढली. पंचवीस वर्षे ते लहान-मोठ्या सभागृहांतून वाजवीत राहिले. पहिला क्रमांक त्यांना कधी मिळाला नव्हता. 2021 च्या फेब्रुवारीत, पुन्हा स्वतःच्याच कंपनीतर्फे, त्यांची दहावी लाँगप्ले तबकडी निघाली. साथीमुळे तिचे ध्वनिमुद्रण दूरदूर बसून झाले होते. निर्माता अमेरिकेत, वादक इकडे. एका लंडनच्या रॅपगायकाशी आठवडाभर चुरस लागली, जुने श्रोते एकमेकांना निरोप धाडीत राहिले, आणि 26 फेब्रुवारीस मोग्वाय ब्रिटनच्या यादीत पहिला आला. स्कॉटलंडमधील एकही जलसागृह त्या आठवड्यात उघडे नव्हते.